हवेत इंजिन बंद पडलं तर? लेकीला फ्लाइंगला पाठवायचंय, आजी अडून बसली आहे

त्रिमूर्तीनगरकर | शनिवार, रात्री ८:४०

मंडळी, नमस्कार. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय.

माझी मुलगी यंदा बारावी झाली. तिला वैमानिक व्हायचंय, आणि हे खूळ आजचं नाही. आमच्या गच्चीवरून नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर उतरणारी विमानं दिसतात. दुसरीत असताना ती नुसत्या आवाजावरून एटीआर आहे की एअरबस ते सांगायची. मेडिकल झालं, पैशांची जुळवाजुळव झाली, दोन-तीन फ्लाइंग स्कूल बघून ठेवल्या. सगळं ठरल्यात जमा होतं.

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. शेतात नाक खुपसून पडलेलं छोटं विमान, पंखा वाकलेला, भोवती ही गर्दी. कुठलं, कधीचं, काही पत्ता नाही. खाली एवढंच लिहिलं होतं की हवेत इंजिन बंद पडलं. माझ्या आईनं तो पाहिला. आई ७८ वर्षांची आहे. तेव्हापासून ती नातीशी बोलते, पण जेवताना ताट अर्धं टाकून उठते. काल मला म्हणाली, "गाडी बंद पडली तर बाजूला लावता येते. हे कुठे लावणार?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. जाणकारांनो, छोट्या विमानाचं इंजिन खरंच हवेत बंद पडलं तर पुढे काय होतं? आणि शाळेत विमानांची देखभाल नीट होते की नाही, हे माझ्यासारख्या बँकेत नोकरी केलेल्या माणसानं ओळखायचं कसं? मला धीर देऊ नका, माहिती द्या.

पुणेकर_सध्या_मनीषनगर | रात्री ८:५२

आईंचा प्रश्न अगदी बिनतोड आहे. मीही वाचायला बसलो.

शंकासूर | रात्री ९:०५

रोखठोक सांगतो. नका पाठवू. एकच इंजिन, एकोणीस वर्षांची मुलं आणि घाईत उड्डाणाचे तास भरून देणाऱ्या शाळा. बारामतीजवळ २०२३ च्या ऑक्टोबरात चार दिवसांत दोन प्रशिक्षणाची विमानं पडली, आठवतंय ना?

हँगरवाला | रात्री ९:४८

त्रिमूर्तीनगरकर, मी आयुष्यभर विमानांची देखभाल केली. लायसन्सवाला इंजिनिअर होतो, आता निवृत्त. तुम्ही माहिती मागितलीत म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट आईंना सांगा. इंजिन बंद पडलं म्हणून विमान दगडासारखं खाली येत नाही. त्याला हवेत धरून ठेवतात ते पंख, आणि पंखांना फक्त वेग लागतो. इंजिन गेलं की वैमानिक नाक थोडं खाली करून तो वेग उंचीतून वसूल करतो. शाळांतलं छोटं विमान, सेस्ना १५२ किंवा १७२, एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. म्हणजे तीन हजार फुटांवर इंजिन गेलं आणि वारा पडलेला असला, तर हाताशी जवळजवळ आठ किलोमीटर राहतात. सोनेगावहून सीताबर्डीपर्यंतचं अंतर धरा. वेळ म्हणाल तर चार मिनिटांहून थोडा जास्त.

दुसरी गोष्ट. या इंजिनात ठिणगीच्या दोन वेगवेगळ्या व्यवस्था असतात, दोन मॅग्नेटो. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. बॅटरी पूर्ण मेली तरी इंजिन चालत राहतं. उड्डाणाआधी धावपट्टीच्या तोंडाशी थांबून दोन्ही मॅग्नेटो एकेक करून बंद करून तपासतात. तुम्ही विमानतळाच्या कुंपणापाशी उभे राहिलात तर तेवढ्यापुरता आवाज जरा उतरलेला ऐकू येईल.

तरीही इंजिनं बंद पडतात. पुष्कळदा कारण इंधनाचं निघतं. संपलेलं, किंवा टाकीत पाणी गेलेलं. म्हणून रोज सकाळी पंखाखालून आणि इंजिनाखालून थोडं पेट्रोल काचेच्या नळीत काढून उजेडात धरतात. विमानाचं पेट्रोल फिकट निळं असतं. पाणी असलं तर तळाशी वेगळं बसलेलं दिसतं. दुसरं कारण कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळतं त्या भागात, बर्फ.

आजीचीनात | रात्री ९:५५

नागपुरात बर्फ? फुटाळा तलावावरच्या गोळेवाल्याकडे सोडून?

हँगरवाला | रात्री १०:०३

हो बेटा, नागपुरातच. श्रावणातली दमट हवा घे, २५ अंशांची. कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा जोरात ओढली जाते आणि तिथेच पेट्रोलची वाफ होते, त्यामुळे आतलं तापमान पंचवीस-तीस अंशांनीसुद्धा उतरू शकतं. हवेतलं पाणी गळ्यात गोठतं, इंजिनाचा श्वास कोंडतो. उतरताना पॉवर कमी केलेली असते तेव्हा धोका जास्त. त्यासाठी एक दांडा असतो, तो ओढला की सायलेन्सरभोवतीची गरम हवा आत येते. पोरांना तो दांडा अंगवळणी पडावा म्हणून आम्ही कान पिकेपर्यंत सांगायचो.

शंकासूर | रात्री १०:२०

तुम्ही शास्त्र सांगताय, मी माणसं सांगतोय. आपल्या शेजारच्याच गोंदियाच्या प्रशिक्षण केंद्राचं विमान २०१७ मध्ये वैनगंगेवर ओढलेल्या तारेला धडकलं. दोघं गेले. तिथे कुठलं इंजिन बंद पडलं होतं?

हँगरवाला | रात्री १०:३१

नव्हतंच पडलं. तुमचा मुद्दा मान्य. प्रशिक्षणात माणसाच्या चुका यंत्राच्या बिघाडापेक्षा जास्त होतात. पण धागा यंत्राच्या बिघाडाचा आहे, आणि दोन्ही गोष्टी तुम्हाला वाटतात तेवढ्या वेगळ्या नसतात. त्यावर उद्या लिहितो, डोळे मिटतायत.

वायुसेनानगर | रात्री ११:१०

नागपूरचं उदाहरण पाहिजे तर आहे, आणि ते लोक विसरून गेले. ६ मे २०२१, कोरोनाची दुसरी लाट. छोटी एअर ॲम्ब्युलन्स, बीचक्राफ्ट किंग एअर सी-९०, दोन इंजिनांची. नागपूरहून उडताना तिचं एक चाक निसटून खाली पडलं. आत रुग्णासकट पाच जण.

आता विचार करा, दोन पाय आहेत आणि एकाला चाक नाही. तसं उतरवलं तर तो पाय धावपट्टीत रुततो आणि विमान गर्रकन फिरतं, उलटूसुद्धा शकतं. म्हणून विमान मुंबईकडे नेलं. तिथे धावपट्टीवर फेस पसरला, आणि चाकं खाली न सोडताच पोटावर उतरवलं. पाचही जण सुखरूप. त्या रात्री मी बातमी बघताना उभाच होतो, खुर्ची मागे असून.

आमच्या भागात वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. इथल्या अर्ध्या घरांमध्ये कोणीतरी विमानाचे नटबोल्ट आवळण्यात नोकरी काढलेली आहे. चाक का निसटलं असेल यावर आठवडाभर बाकावर चर्चा चालली होती. त्या वैमानिकानं चाकं खाली सोडली नाहीत, याबद्दल मात्र प्रत्येक जण टोपी काढत होता.

डाकगाडी | रात्री ११:४७

सोनेगावचं नाव निघालं आणि मला आजोबा आठवले, म्हणून थोडं विषयाबाहेर. ते आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वेच्या टपाल सेवेत होते.

१९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई डाक सुरू झाली, आणि तिचं केंद्र नागपूर होतं. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांनी रोज रात्री एकेक विमान निघायचं आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सगळी सोनेगावात जमायची. टपालाच्या थैल्या एकमेकांत बदलायच्या, आणि उजाडायच्या आत विमानं आपापल्या गावी परत. देशाच्या मधोमध असल्याचा हा मान होता आपल्याला. आजोबा सांगायचे, थंडीत थैल्या उचलताना बोटं बधिर व्हायची आणि डाकोटा विमानाच्या इंजिनाचा गरम वास यायचा तेवढीच ऊब.

१२ डिसेंबर १९५३ च्या रात्री त्यातलंच एक डाकोटा सोनेगावहून उडालं. उडतानाच एका इंजिनानं दगा दिला. विमान लगेच खाली आलं, पेटलं. तेरा जण गेले, वैमानिक तेवढा वाचला. आजोबा त्या रात्री ड्युटीवर नव्हते. पण त्यानंतर कितीतरी वर्षं, विमान उडालं की आवाज पार विरेपर्यंत ते हातातलं काम थांबवायचे. मी लहान होतो, मला वाटायचं त्यांना विमानं आवडतात.

त्रिमूर्तीनगरकर | रविवार, सकाळी ६:३०

डाकगाडी, आईला वाचून दाखवलं. तिच्या माहेरची माणसं त्या काळी सोनेगावच्याच बाजूला राहायची. तिला तो रात्रीचा आवाज आठवतो. बराच वेळ बोलत होती, आठ दिवसांत पहिल्यांदा. आभार.

पुणेकर_सध्या_मनीषनगर | सकाळी ९:१५

एक भाबडा प्रश्न. डाकोटाला दोन इंजिनं होती. एक गेलं तर दुसऱ्यावर चालायला हवं ना?

वायुसेनानगर | सकाळी ९:४०

उंचीवर असताना चालतं. उडताना मात्र वेग कमी, उंची नाही, वजन पूर्ण. एका बाजूचं इंजिन गेलं की दुसरं विमानाला एका अंगाला ओढतं. पायानं रडर, म्हणजे शेपटीचं सुकाणू, दाबून ते सरळ धरायचं आणि बंद पडलेल्या पंख्याची पाती वाऱ्याला समांतर करायची, नाहीतर ती ब्रेकसारखी अडवतात. हे सगळं काही सेकंदांत. अशा वेळी एका इंजिनाच्या विमानात निर्णय उलट सोपा असतो. समोर बघायचं आणि उतरायचं.

नभा | सकाळी १०:२०

मी उडवते. सध्या विमान कंपनीत आहे, माहेर नागपूरचं. माझं इंजिन गेलंय. प्रशिक्षणात, दुसऱ्या राज्यात. शाळेचं नाव लिहीत नाही.

सेस्ना १५२. शेजारी सर होते. अडीच हजार फूट, ऑक्टोबरअखेरची सकाळ. आधी एक धक्का बसला, जसा भरधाव गाडीत गिअर चुकल्यावर बसतो. मग सगळं विमान थरथरायला लागलं. समोरच्या पॅनेलवरची काचेची झाकणं खडखडत होती आणि मला एकही काटा वाचता येत नव्हता. सर म्हणाले, "वेग." एवढंच. मी नाक खाली केलं, ६० नॉट धरले, म्हणजे ताशी एकशे दहा किलोमीटर. कार्ब्युरेटरचा दांडा ओढला. इंधनाचा खटका, मिक्स्चर (हवा-पेट्रोलचं प्रमाण), मॅग्नेटो, सगळं हातानं चाचपून पाहिलं. थरथर वाढतच गेली, आणि मग इंजिन थांबलं.

लोक विचारतात शांतता कशी होती. शांतता नव्हती. दाराच्या फटीतून वारा शिट्टी घालत होता, ती शिट्टी इंजिनाच्या आवाजाखाली रोजच असणार, मी पहिल्यांदा ऐकली.

सरांनी कंट्रोल घेतला नाही, हे मला आजही मोठं वाटतं. त्यांनी रेडिओ घेतला, तीनदा मेडे, म्हणजे संकटाची हाक, म्हणाले आणि मला विचारलं, "कुठे?" डावीकडे एक कापणी झालेलं पिवळट शेत होतं. मी बोट दाखवलं. ते म्हणाले, "मग आता बदलू नकोस." शेवटच्या पाचशे फुटांत त्याहून बरं एक शेत दिसलं, पण मी बदललं नाही. फ्लॅप (पंखांमागच्या झडपा) सोडले, इंधन बंद, वीज बंद, दारं उघडून ठेवली, म्हणजे चौकट वाकली तरी अडकायला नको. टेकलो. दोनदा उसळलो. पुढचं चाक पाण्याच्या एका दांडात गेलं आणि मोडलं. पट्ट्याचा वळ खांद्यावर महिनाभर होता. बाकी काही नाही.

आता महत्त्वाचं. इंजिन उघडल्यावर दिसलं की एका सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारी झडप, तुटून आत गेला होता. चौकशीत एक मुलगा पुढे आला. तीन दिवस आधी सकाळी पहिल्यांदा सुरू करताना तेच विमान मिनिटभर धडधडलं होतं. मग नीट चाललं, म्हणून त्यानं लिहिलं नाही. लिहिलं असतं तर विमान उभं राहिलं असतं, त्याचा तास बुडाला असता, आणि आधीच्या आठवड्यात असंच विमान परत आणल्याबद्दल एका मुलीला सगळ्यांसमोर बोल लावले गेले होते.

हँगरवाला | सकाळी १०:५८

नभा, हे लिहिलंत म्हणून काल मी अर्धवट सोडलेलं आता पूर्ण करतो.

सकाळच्या त्या धडधडीला आमच्यात "मॉर्निंग सिकनेस" असंच म्हणतात. लायकमिंग कंपनीच्या इंजिनांत हे ओळखीचं लक्षण आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या दांड्यावर काजळी साठते, इंजिन गार असताना तो आपल्या नळीत चिकटतो. तेवढ्यापुरता एक सिलिंडर काम करत नाही, म्हणून धडधड. गरम झालं की सुटतो. पोरांना वाटतं बरं झालं. बरं झालेलं नसतं. एक दिवस तो चिकटूनच बसतो, किंवा तुटतो. वेळेत सांगितलं तर व्हॉल्व्हची नळी साफ करून येते.

ठरावीक तासांनी तपासण्या असतात, पन्नास तासांची, शंभर तासांची, आणि साधारण दोन हजार तासांनी इंजिन पूर्ण खोलतात. पण या दोन तपासण्यांच्या मधले दिवस कोणाच्या हातात असतात? रोज उडवणाऱ्या पोरांच्या. यंत्र त्यांच्याशी बोलतं, आमच्याशी नाही. त्यांनी ते स्नॅग, म्हणजे बिघाड, म्हणून वहीत लिहिलं तरच मला कळणार. शंकासूर, माणूस आणि यंत्र वेगळे नसतात म्हणालो ते हे.

म्हणून त्रिमूर्तीनगरकर, शाळेत जाल तेव्हा चकचकीत विमानं आणि एसी वर्ग बघू नका. टेक लॉग, म्हणजे विमानाच्या बिघाड-दुरुस्तीची वही, दाखवा म्हणा. त्यात पोरांच्या अक्षरात स्नॅग लिहिलेले दिसले पाहिजेत, आणि खाली काय दुरुस्ती केली ते लिहून इंजिनिअरची सही. महिनाभरात एकही स्नॅग नाही अशी वही दाखवली तर तिथून उठा. माझ्या नोकरीत मी बिनस्नॅगचं विमान पाहिलेलं नाही.

शंकासूर | सकाळी ११:३०

नभाताई, तुमचं वाचून गप्प झालो. त्या मुलाचं काय केलं पुढे?

नभा | सकाळी ११:४४

त्याला शिक्षा झाली नाही. सरांनीच होऊ दिली नाही. म्हणाले, याला काढलं तर पुढचा कोणी तोंड उघडणार नाही. अपघाताच्या अधिकृत तपासाचं सूत्रही तेच असतं. आपल्याकडे तो तपास एएआयबी ही विमान अपघात तपास संस्था करते, डीजीसीए या विमान वाहतूक नियामकापासून वेगळी, २०१२ पासून. उद्देश पुढचा अपघात टाळणं हा असतो, दोष कोणावर टाकायचा हे ठरवणं नाही. त्यांचे अहवाल सगळ्यांना वाचायला खुले असतात. तुमच्या लेकीला वाचायला द्या. मी दर महिन्याला एक वाचते.

कपाशी_काटोल | दुपारी १:०५

मी शेतकरी माणूस, विमानातलं मले काही समजत नाही. पण नभाताईनं लिहिलेलं वावरात उतराचं, त्यावर बोलू शकतो.

माह्या मामाच्या गावाले असंच एक लहान विमान उतरलं होतं, मी तवा कॉलेजात होतो. पाच मिनिटात दोनशे माणूस जमा झालं. पोट्टे पंखावर चढून बसले. दोघं पायलट बांधावर बसले होते, एकाच्या कपाळाले लागलं होतं, त्याले पाणी द्याचं सोडून लोक फोटो काढून राहिले होते. पेट्रोलचा वास येत होता. मामानं पाहिलं का एक जण बिडी पेटवून राहिला. मामा असा ओरडला का मी जन्मात त्याले तसं ओरडताना पाहिलं नाही. मंग पोलीस पाटील आला, दोर बांधला. संध्याकाळपर्यंत आरशाएवढी एक झाकणी कोणीतरी घरी नेली होती, ते मामानं घरोघर फिरून परत आणली.

हँगरवाला | दुपारी १:२२

तुमच्या मामांना माझा नमस्कार सांगा. त्या छोट्या विमानाच्या पंखांत शंभर लिटरच्या आसपास पेट्रोल असू शकतं. आधी माणसं बाहेर काढायची आणि लांब न्यायची, ठिणगी जवळ येऊ द्यायची नाही, आणि माणूस वाचवण्यापुरतंच विमानाला हात लावायचा. पडलेला तुकडा जिथे पडला तिथेच राहू द्यायचा. ती झाकणी कुठे पडली होती यावरूनसुद्धा तपास करणाऱ्याला काहीतरी कळतं.

नभा | दुपारी १:३०

काटोलकर दादा, मला एक सांगा. वरून आम्हाला शेत म्हणजे नुसता रंग दिसतो. आपल्या भागात कुठल्या महिन्यात कुठलं शेत बरं? हे मला कोणी शिकवलं नाही.

कपाशी_काटोल | दुपारी २:१५

ताई, तुमी इचारलं म्हणून सांगतो.

पावसाळ्यात काळ्या जमिनीत उतरूच नका. माणसाचा पाय घोट्यापर्यंत जाते, चाक तं गाडलंच जाईन. त्यापक्षा बरड पाहा, मुरमाड माळ, रंगानं लालसर-भुरकट दिसते. सोयाबीन दिवाळीच्या आगंमागं निघते. ते निघालं आणि हरभरा पेरला नाही, ते पंधरा दिवस सगळ्यात चांगले, जमीन सपाट आन कडक. तुमी उतरल्या ते तसंच असन. कपाशी उभी असते फेब्रुवारीपर्यंत, पऱ्हाट्या कमरेच्या वर. तूर तं माणसाहून उंच. हिरवागार गहू वरून गालिच्यावानी दिसन पण खाली ओलित असते, फसान. एप्रिल-मेमध्ये नांगरलेल्या वावरात जाऊ नका, ढेकळं डोक्याएवढी असते. उन्हाळवाही झाली का वरून ते गडद काळं दिसते. संत्र्याच्या बागा तं तुमाले वरूनच समजन, टिपके टिपके.

आन नांगराच्या तासाच्या दिशेनं उतरा, आडवे नका जाऊ. पूर्वेकडे मौद्याच्या पुढे धान लागते, तिथं दर पन्नास पावलावर धुरा, म्हंजे बांध, आहे.

नभा | दुपारी २:२९

हे मी उतरवून घेतलं. माझ्याकडून एक भर. तारा वरून दिसत नाहीत, खांब दिसतात. कोराडी आणि खापरखेड्याच्या विजेच्या लाइनी चारी दिशांना गेल्यात. दोन मनोरे दिसले की मधे तार आहे असंच समजायचं.

आजीचीनात | दुपारी ३:००

मोटारीला एअरबॅग असते तसं विमानालाच पॅराशूट का लावत नाहीत?

वायुसेनानगर | दुपारी ३:२०

लावतात. सिरस नावाच्या छोट्या विमानांना असतं. छताचा दांडा ओढला की रॉकेटनं पॅराशूट बाहेर येतं आणि अख्खं विमान त्याला लटकून खाली येतं. शाळांतल्या सेस्नांना सहसा नसतं. वजन आणि पैसा.

पुणेकर_सध्या_मनीषनगर | दुपारी ४:१०

आणि आपल्या मे महिन्याच्या उन्हाचं काय? ४५ अंशांत मी स्कूटर सावलीत लावतो.

हँगरवाला | दुपारी ४:३५

चांगला प्रश्न. सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या आसपास आहे. ४५ अंशांत हवा इतकी विरळ होते की विमानाला आपण पाच हजार फुटांवरच्या गावातून उडतोय असं वाटतं. इंजिनाची ताकद कमी, पंखांची पकड कमी, चढण मंद. इंजिन हवेनंच थंड होतं, आणि हवा तापलेली. म्हणून उन्हाळ्यात शाळा पहाटे सुरू करून ऊन चढायच्या आत विमानं आत घेतात. दुपारी दोनला तासांसाठी उडवणारी शाळा दिसली तर मी तिथे माझं मूल ठेवणार नाही.

एक राहिलं. उडाल्यावर लगेच, पाच-सातशे फुटांच्या आत इंजिन गेलं तर मागे वळून धावपट्टीवर यायचा मोह होतो. अनुभवी माणसांचासुद्धा त्यात जीव गेलाय. वळताना वेग जातो, पंख हवा सोडतात. समोर थोडं डावी-उजवीकडे जे असेल तिथेच उतरायचं. लेकीला पहिल्या आठवड्यात हे शिकवतात का ते विचारा.

त्रिमूर्तीनगरकर | पुढचा रविवार, रात्री ९:१०

मंडळी, आठवडाभर लिहिलं नाही कारण शाळा बघत होतो. दोन पाहिल्या, मुलगी सोबत होती.

पहिल्या ठिकाणी टेक लॉग मागितल्यावर सांगितलं की पालकांना दाखवत नाही. मी आग्रह केला तर म्हणाले आमची विमानं बिघडतच नाहीत. हँगरवाला, तुमचं वाक्य आठवलं. चहा न घेता निघालो.

दुसरी लहान आहे. इमारतीला रंग नाही. चीफ इंजिनिअर बाई होत्या, हाताला ग्रीस. त्यांनी वही सरळ समोर ठेवली. निळ्या पेनानं मुलांच्या अक्षरात: "उजवा ब्रेक मऊ लागतो." "रेडिओत खरखर, वळताना जास्त." "सकाळी सुरू करताना आवाज वेगळा वाटला, खात्री नाही." त्या शेवटच्या नोंदीखाली त्यांच्या अक्षरात आठ ओळी होत्या. ते विमान हँगरमध्ये उभं होतं, इंजिनाचं आवरण काढलेलं, पंख्याला लाल पट्टी बांधलेली. मी विचारलं, काही सापडलं का? त्या म्हणाल्या, "अजून नाही. सापडेपर्यंत उभं राहील." ज्यानं नोंद केली होती तो मुलगा तिथेच त्यांना टॉर्च धरून उभा होता.

मग त्यांनी माझ्या मुलीच्या हातात ती काचेची नळी दिली. ती पंखाखाली वाकली, पेट्रोल काढलं, नळी उन्हात धरून बराच वेळ बघत राहिली. फिकट निळं होतं, तळाशी काही नव्हतं. ती काही बोलली नाही. मीही नाही.

घरी आल्यावर तिनं आजीजवळ बसून सगळं सांगितलं. तीन हजार फूट, आठ किलोमीटर, चार मिनिटं. आईनं विचारलं, "चार मिनिटांत तू काय काय करशील?" मुलीनं एकेक करून सांगितलं, आईनं बोटांवर मोजलं. नभाताईंचं सगळं पाठ केलंय तिनं, दारं उघडी ठेवण्यापर्यंत. आई म्हणाली, "आणखी एकदा सांग." तीनदा सांगितलं. मग आई जेवायला बसली, ताट पूर्ण संपवलं.

एक तारखेला जातोय.

नभा | रात्री ९:२६

पहिल्या सोलोच्या, म्हणजे एकटीनं उडण्याच्या, दिवशी मला कळवा. कुठेही असले तरी फोन करीन तिला.

शंकासूर | रात्री ९:४०

नका पाठवू म्हणालो होतो, ते मागे घेतो. पोरीला आशीर्वाद.

डाकगाडी | रात्री १०:०२

ती उडेल तेव्हा आवाज विरेपर्यंत थांबणारं माणूस तुमच्या घरात आहे. आईंना नमस्कार.

कपाशी_काटोल | रात्री १०:१५

पोट्टीले सांगजा, लायसन भेटल्यावर कधी नागपूरहून काटोलकडे उडत आली, तं रस्त्याच्या पूर्वेले आमचं अकरा एकर वावर आहे. मधात खांब नाही, झाड नाही, उत्तर-दक्षिण तास आहे. दिवाळीनंतर सोयाबीन निघालं का मी हरभऱ्याले आठ दिवस उशीर करतो दरवर्षी, वावर मोकळंच असते. लिहून ठेव म्हणा.